रोह्याची मोट

कडूबाईची मोट फुटली ती मार्गशीर्षात, गव्हाच्या दुसऱ्या पाण्याला. एकदम टराटरा फाटली असती तर परवडलं असतं, निदान आशा तरी सुटली असती. ती आधी सोंडेजवळ पाझरली, मग बुडाशी भोक पडलं, मग भोकाला लावलेल्या ठिगळालाही भोक पडलं. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, चाक करकरायचं आणि विहिरीतून भरून निघालेली मोट काठावरच्या थारोळ्यापर्यंत येता येता निम्मी रिकामी व्हायची. निम्मं पाणी आपलं परत विहिरीत. बैल मात्र पुऱ्या मोटेइतकेच दमत होते.

गावात मोटा काही एकट्या कडूबाईच्याच फुटत नव्हत्या. पण तिची मोट फुटणं वेगळं होतं. रान होतं दिनकररावांचं आणि विहीर खणलेली कडूबाईनं आणि तिचा नवरा चंद्रभान यानं. दिनकरराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मऊ आणि व्यवहार कडक. या दोघांनी मुरूम फोडला, खडक फोडला आणि विहिरीला पाणी लागलं, तेव्हा दिनकररावांनी चारचौघांत शब्द दिला होता. विहिरीखालचं रान जोवर हिरवं आहे तोवर तुम्हीच कसा, अर्धं तुमचं, अर्धं माझं. ज्या साली बागायत वाळेल त्या साली रान मला परत. शब्द दोन्ही बाजूंनी पाळला जायचा, आणि म्हणूनच कडूबाईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. गहू वाळला की रान जाणार, आणि रानाबरोबर विहीर. विहीर काही डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावी जाता येत नाही.

नवी मोट करायची तर कातडं पाहिजे. लढाई चालली होती कुठंतरी साता समुद्रापलीकडे, पण तिच्या बुटांना कातडं जात होतं आमच्याकडचं. मानवतच्या बाजारात पोचायच्या आधीच ठेकेदाराची माणसं ते वाटेत गाठून घेऊन जात. गावात मोटा शिवणारा सटवाजी, त्याच्याकडे कडूबाई दोनदा जाऊन आली.

"वैनी, कातडं आना, मी रातीचा दिस करून मोट शिवून देतो," सटवाजी म्हणाला. "पन कातडं म्या कुठून पैदा करू? सोताचं सोलून देऊ का?"

"तुजं घेऊन काय करू? त्यात तांब्याभर पानी मावायचं न्हाई," कडूबाई म्हणाली.

अशी बाई. दुसऱ्या बायका संकटात रडायच्या, हिच्या जिभेला धार चढायची.

त्यात रोही आले. पिंगळी टेसनाकडच्या रुळाच्या कडेनं गवत वाढलेलं असे, त्यातून कळप उतरला. रोही म्हणजे अंगानं घोडा, तोंडानं हरीण आणि भुकेनं वऱ्हाड. खाईल त्याच्या दुप्पट तुडवणार. हरभरा, करडई, जोंधळा, कुणाचंच रान त्यांनी उपाशी मनानं सोडलं नाही, पण ओलिताचा कोवळा गहू त्यांना फार आवडला. पाटलानं तालुक्याला दरखास्त दिली. कचेरीनं ती बरेच दिवस उशाला घेऊन झोपून काढली आणि शेवटी हुकूम धाडला की एक नर मारावा, म्हणजे कळप जागा सोडेल. हुकमाबरोबर एक जमादार आला. पिकलेल्या दाढीचा, बंदूक पोटच्या पोरासारखी जपणारा माणूस.

इथं आमच्या गावचा एक कायदा सांगितला पाहिजे. तो निजाम सरकारचा नाही, आमचाच आहे, म्हणून तो कुणी मोडत नाही. पीक राखायला जनावर मारलं तर ते वाया घालवायचं नाही. खाणाऱ्यांनी मांस वाटून घ्यायचं, कातडं ज्याला गरज त्याला द्यायचं. विकायचं कुणीच नाही. पण ज्याच्या रानात जनावर पडलं त्यानं त्यातलं केससुद्धा घ्यायचा नाही. त्यानं सुरी घेऊन बसायचं, सगळ्यांचे वाटे घालायचे, हात धुवायचे आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी दिस उगवेपर्यंत त्याच्या घरी चूल पेटत नाही. जीव त्याच्या पिकापायी गेला, तेव्हा सुतक त्याचं.

या कायद्यालाही कारण आहे. फार मागं गावात एक वतनदार होता, त्याला हरणाच्या मांसाची चटक लागली. मग दर आठवड्याला त्याचं पीक हरणं खाऊ लागली. पुढं पुढं तर त्याच्या पडीक रानातलंही पीक हरणं खाऊ लागली. माळावर हरीण दिसेनासं झालं तेव्हा कुठं जुनी माणसं जागी झाली आणि त्यांनी हे ठरवलं. जिभेला चव लागली की पीक रोजच खाल्लं जातं, असं आमच्याकडे अजून म्हणतात.

आता कडूबाईची अडचण समजली असेल. मोटेपुरतं कातडं चार पायांवर रोज सकाळी तिच्या गव्हात येऊन उभं राहत होतं. जमादार त्याला तिथंच गोळी घालणार होता. आणि तिथं ते पडलं की सगळ्या गावात एकट्या कडूबाईला त्याला हात लावता येणार नव्हता.

तिनं ते मनाशी मान्य केलं होतं. चंद्रभाननं केलं नव्हतं. चंद्रभानला आम्ही लबाड म्हणणार नाही. बायकोवर जीव असलेला, हसतमुख, कामाला वाघ असा माणूस. फक्त सरळ वाट दिसली की त्याचे पाय दुखायचे.

हाका घालायला येडबा आणि त्याचे भाऊबंद आले. येडबा मेंढरं राखायचा. कडूबाईच्या गव्हाला लागूनच बांधापलीकडे त्याची एक कोरडवाहू पट्टी होती. त्यात हरभरा, आणि पट्टीच्या टोकाला त्याचं पाल. त्याची लेक केवळा पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळंत होऊन चारसहा दिवस झाले होते आणि पोरगी पांढरीफटक पडली होती. मेंढरांना त्या साली रोग लागून गेलेला. उरलेल्यातलं एक कापायचं म्हणजे येडबानं आधी स्वतःचं बोट कापलं असतं.

"मला बाकी काय नगं," त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. "काळीज तेवढं द्या. केवळीला रस्सा करून घालतो."

सकाळी ऊन वर आलं तसा हाका उठला. बाभळीच्या झाडोऱ्यातून ओरडा, डबे आणि कुत्री. जमादार विहिरीच्या मुरमाड ढिगाआड बसला होता. कडूबाई धावेवर बैल धरून उभी होती. कळप बाहेर पडला तो नेहमीच्या वाटेनं थेट गव्हात. पुढं नर होता, निळसर काळा, मानेवर केसांचा झुपका. बंदूक वाजली. नराचे पुढचे पाय दुमडले आणि तो गव्हात गुडघ्यावर बसला. बाकीचा कळप रुळाकडं पळाला.

हाकेवाले अजून झाडोऱ्यात होते. जमादार धुरात डोळे चोळत दुसरं काडतूस शोधत होता. गव्हात बसलेला रोही दोघांनीच पाहिला, धावेवरून कडूबाईनं आणि बांधावरून चंद्रभाननं. चंद्रभाननं एक क्षणभर इकडं तिकडं पाहिलं. मग खांद्यावरची घोंगडी काढून दोन्ही हातांनी फडफडवत, "हाऽऽ हुर्रर्र" करत तो गव्हात धावला. मरायला टेकलेलं ते जनावर भ्यालं. कसंबसं उठलं, तीन पायांवर लंगडत बांधाकडं गेलं, बांधावर अडखळलं आणि पलीकडं येडबाच्या हरभऱ्यात पडलं.

जमादार धापा टाकत आला. बिस्मिल्ला म्हणून त्यानं गळ्यावर सुरी फिरवली, रोही शांत झाला. मग दाढीवरून हात फिरवत त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. आमचा कायदा त्यालाही ठाऊक होता.

"खेत किसका?"

"येडबाचं," चंद्रभान म्हणाला. आवाज असा की देवळातला दिवासुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवील.

सगळे हाकेवाले गोळा झाले. येडबा पुढं आला, पडलेल्या जनावराकडं पाहिलं, पायाखालच्या हरभऱ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा आनंद कसा उतरत गेला ते आम्ही पाहिलं. पण तो एक शब्द वाकडा बोलला नाही.

"माज्या रानात पडलं," तो म्हणाला. "माजं न्हाई."

मग पालाकडं तोंड करून त्यानं बायकोला हाक दिली. "कासाबाई! चूल इजव."

कासाबाई पालाच्या तोंडाशी आली. "केवळीच्या अंगुळीचं पानी ठिवलंय चुलीवर. शेकबी घ्यायचाय पोराला."

"इजव म्हनलं ना."

ती जराशी थांबली. मग आत गेली. पालावरचा धूर बारीक झाला आणि बंद पडला. येडबा हरभऱ्यात बसला, सुरी हातात घेतली आणि वाटे घालायच्या तयारीला लागला. जमादारानं नुसती मान हलवली. थंडीचे दिवस होते.

कातडं सोलायला सटवाजी बसला. सोलता सोलताच तो बोलला, "ह्ये कातडं कडूवैनीलाच द्या. बैलाच्या कातड्याच्या तोडीचं हाय. बाभळीच्या सालीत मुरवतो, म्हैनाभरात मोट."

"हौ, हौ," सगळेच म्हणाले. कुणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं. कडूबाईची गरज गावाला माहीत होती, रोही पडला होता दुसऱ्याच्या रानात, कायदा जागच्या जागी होता. चंद्रभाननं तर कातड्याचं एक टोक धरूनही टाकलं.

कडूबाई धावेवरून उतरून आली होती. ती त्या कातड्याकडं पाहत होती. रुंद होतं, जाड होतं, एक चीर नव्हती. त्यात तिला विहीर दिसत होती, गहू दिसत होता, येणारी सगळी सालं दिसत होती. ते तिला हवं होतं. आयुष्यात दुसरं काही तिला इतकं हवं वाटलं नव्हतं. मग तिनं धूर नसलेल्या पालाकडं पाहिलं. आत कोवळं पोर रडायला लागलं होतं.

ती वळली, बांध ओलांडून आपल्या गव्हात गेली. जिथं रोही बसला होता तिथला गहू दोन्ही मुठींनी उपटला आणि परत येऊन जमादारासमोर टाकला. हिरव्या पातींवर रक्त ओलं होतं.

"जमादारसायब, फिरून इचारा," ती म्हणाली.

चंद्रभाननं कातडं सोडलं. "अगं, ह्ये काय करायलीस..."

"तुमी गप ऱ्हावा."

"खेत किसका?" जमादारानं विचारलं. आता त्याचा आवाज वेगळा होता.

"माजं. रोही माज्या गव्हात बसला व्हता. तितंच मेला असता. ह्या मानसानं घोंगडी घालून त्याला उठिवलं आन् येडबादादाच्या रानात नेऊन पाडलं."

चंद्रभानचे कान लाल झाले. "पन पडलं तर तितंच न्हवं? कायदा काय म्हनतो, जितं पडलं..."

"मरनाऱ्याला उठवून चालवा, असं कुठं म्हनतो कायदा?"

तेवढ्यात दिनकरराव घोडीवरून आले. गोळीचा आवाज ऐकून निघाले होते. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"म्हणूनच मी सांगत असतो," ते म्हणाले, "पीक राखण्यापुरतं मारलं, तेवढं पाप पुरे. वर हे वाटे कसले घालता? खड्डा खणा, मीठ टाका, पुरून मोकळे व्हा. भांडणच नको."

एरवी येडबा दिनकररावांपुढं तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी त्यानं बसल्या जागेवरून मान वर केली.

"मालक, पुरल्यानं त्याचं मरन कमी व्हतंय का? त्ये मेलं त्ये मेलंच. मातीत घातलं तर आपल्याला वाटंल काय झालंच न्हाई. ह्ये असं समोर ठिवून कापायला लागलं, मंग कळतंय किती मोठं व्हतं ते."

दिनकररावांनी घोडी वळवली.

कडूबाई येडबाजवळ गेली आणि हात पुढं केला. "सुरी आना हिकडं. तुमी उठा. चूल पेटवायला सांगा."

येडबा उठला. पालावर परत धूर दिसेपर्यंत कडूबाईनं मांसाला सुरी लावली नाही. मग पहिल्यांदा काळीज काढलं आणि येडबाच्या हातात दिलं. मागची मांडी जमादाराची. मग हाकेवाले, मग ज्यांना रान नाही ते, मग उरलेलं गाव. शेवटी कातडं राहिलं.

"कातडं कुनाला?" तिनं विचारलं.

तिच्या हातून कातडं मागायला कुणाची जीभ रेटेना.

"मला द्या," येडबा म्हणाला.

कडूबाईनं कातड्याची गुंडाळी उचलून त्याच्या खांद्यावर ठेवली, थारोळ्यावर हात धुतले आणि घरी गेली.

संध्याकाळी चुलीत गार राख होती आणि दोघं दोन भिंतींना टेकून बसली होती. शेजारून रश्श्याचा वास येत होता. चंद्रभान बराच वेळ वासावरच जगला, मग बोलला, "म्या काय सोतासाठी केलं?"

"न्हाई."

"मंग?"

"माज्यासाठी केलं, मनून तर निस्तं उपाशी ठिवलंय. सोतासाठी केलं असतं तर घराभाईर काढलं असतं." मग तिचा आवाज उतरला. "बाळंतनीचं पानी इजवायला लावलं हो आपन. मोट ऱ्हाऊ द्या. त्ये माज्या डोळ्यांफुडून जाईना."

चंद्रभाननं उठून तिच्यासाठी गार पाण्याचा तांब्या भरून आणला.

त्यानंतर त्यांनी फुटक्या मोटेनंच पाणी ओढलं. सटवाजीनं ठिगळावर ठिगळ घातलं, डिंक भरला, दोऱ्यांनी आवळलं. बैलांच्या मानेला सूज आली. लांबच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोचेना आणि तिथला गहू शेंड्यांकडून पिवळा पडायला लागला. दिनकरराव एकदा बांधावरून चालत गेले, पिवळ्या वाफ्यांकडं पाहिलं, ते बोटांवर मोजले. ते मोजणं कडूबाईनं पाहिलं.

पौषात एका सकाळी येडबा खांद्यावर नवीकोरी मोट घेऊन विहिरीवर आला. रोह्याच्या कातड्याची. सटवाजीनं जीव ओतून शिवली होती.

"ईहीर तुमची, मोट माजी," येडबा म्हणाला. "माज्या हरभऱ्याचे घाटे भरायलेत. एक पानी द्याचं हाय."

"घ्या की. पान्याला कोन न्हाई म्हनतंय?"

"दुपारपत्तर माजं व्हईल. फुडं मोट हितंच लटकून ऱ्हाईल. ती काय करती ते बगायला मी न्हाई हितं."

चंद्रभानचे डोळे चमकले. कडूबाईनं ते पाहिलं.

"येडबादादा, ह्येबी घोंगडीच झाली," ती म्हणाली. "तवा ह्यांनी रोही बांधापल्याड नेला, आता तुमी कातडं बांधाअल्याड आनलं."

येडबा हसला. "तवा चोरून झालं. मी ढळढळीत उजेडात, खांद्यावर घेऊन आलोय. आन् ताई, ज्यानं मारलं त्याला गोडी लागू नये मनून तो कायदा हाय. रान वाळावं मनून न्हाई. तुमाला गोडी लागनार हाय का, ते तुमी ठरवा."

मोट विहिरीच्या काठावर ठेवून तो हरभऱ्याकडं गेला. कडूबाई मोटेजवळ बसली. कातड्यावरून हात फिरवला. मानेकडच्या भागाला अजून एक-दोन निळसर केस चिकटलेले होते. चंद्रभान बैलांचा कासरा धरून उभा होता. लांबचे पिवळे वाफे दोघांनाही दिसत होते.

"घिते," शेवटी ती म्हणाली. "पन एक सांगते, आन् गावाला ओरडून सांगनार हाय. ह्या मोटंचं पानी ज्या रानाला लागलं, त्या रानापायी फिरून बंदूक बोलवायची न्हाई. रोह्यानं खाल्लं तर खाल्लं. हाकलू, ओरडू, गोफन फिरवू. मारायचं न्हाई."

"आन् समदं खाल्लं तर?" चंद्रभाननं विचारलं.

"तर रान मालकाला परत. माज्या तोंडानं सांगीन मी त्यांना. त्याचं कातडं मोटंला घ्यायचं आन् त्याच्या भावाला गोळीबी घालायची, ह्ये दोन्ही मला जमायचं न्हाई. एक घेतलं, दुसरं सोडलं."

तिनं खरंच गावाला सांगितलं. कुणाला ते पटलं, कुणी हसलं. आम्ही काही जण म्हणालो की बाईनं मोट मिळवली आणि डोकं घालवलं. पण मोट विहिरीत गेली आणि काठोकाठ भरून वर आली. थारोळ्यात पाणी असं पडलं की त्याचा आवाज पार पालापर्यंत गेला. आधी येडबाचा हरभरा भिजला, मग गहू. लांबचे वाफे परत हिरवे झाले. माघात गहू असा उभा राहिला की गावातल्या बायका वाट वाकडी करून बघायला येत.

आणि बघायला आले रोही. कळपात आता दुसरा नर झाला होता.

कडूबाई आणि चंद्रभाननं राखणीला माळा घातला. ती गोफण फिरवायची, तो डबा बडवायचा. रोही एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूनं यायचे. बांधालगतची पट्टी रोज थोडी थोडी खाल्ली जात होती, तुडवली जात होती. आतला गहू उभा होता, पण आत शिरायला रोह्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती.

पलीकडच्या गावच्या कामावर आलेला जमादार जाता जाता आमच्याकडे थांबला. दिनकरराव त्याला थेट विहिरीवर घेऊन आले. गोळी घालायला त्यांची माळ आड येत नव्हती, खायलाच येत होती. नेमका त्याच वेळी कळप गव्हात उभा होता. नर सगळ्यात पुढं, ओंब्या ओरबाडत, माणसांकडं बघत निवांत चावत होता.

"कडूबाई," दिनकरराव मऊपणे म्हणाले, "तुमचं ते व्रत माझ्या कानावर आलं आहे. व्रत तुमचं, रान माझं. वाळलेला गहू काय आणि खाल्लेला काय, मला दोन्ही सारखेच. आतला गहू गेला तर मी शब्दाप्रमाणं वागणार. जमादार समोर आहे. एक शब्द बोला, आपला प्रश्न मिटेल."

आम्ही बरेच जण जमलो होतो. येडबा बांधापलीकडं उभा होता. चंद्रभान बायकोच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याचे ओठ नुसते हलत होते. कडूबाईची नजर विहिरीकडं गेली. तिथल्या खडकातला प्रत्येक घाव तिच्या ओळखीचा होता.

जमादारानं काडतूस भरलं, बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला. मग रिवाज म्हणून, डोळा न उघडताच विचारलं.

"खेत किसका?"

ती 'माजं' म्हणाली असती तर बंदुकीचा घोडा दाबला गेला असता.

"रोह्याचं," कडूबाई म्हणाली.

जमादारानं मिटलेला डोळा उघडला. "क्या?"

"रोह्याचं हाय खेत. त्याच्याच कातड्यानं भिजलंय. आमी निस्तं पानी पाजायलोत."

जमादारानं विहिरीवर लटकलेल्या मोटेकडं पाहिलं, मग गव्हातल्या नराकडं, मग बाईकडं. बंदूक खाली आली. काडतूस काढून त्यानं खिशात टाकलं.

"चलो ठीक," तो दिनकररावांना म्हणाला, "रोही दरखास्त दिया तो आतूं मैं."

पहिल्यांदा हसला तो येडबा, मग सगळेच. दिनकरराव हसले नाहीत. कडूबाईही हसली नाही. ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "मालक, त्याचा वाटा बांधाकडचा. तुमचा आन् आमचा आतला. आतला ऱ्हायला तर बोला, न्हाई ऱ्हायला तर रान घ्या."

मग काय झालं, तर चंद्रभान हलला. त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली, तीच घोंगडी, दोन्ही हातांनी फडफडवली आणि "हाऽऽ हुर्रर्र" करत गव्हात धावला. कळप उधळला. नरानं एका उडीत बांध ओलांडला आणि सगळेच्या सगळे येडबाच्या हरभऱ्यातून धडधडत रुळाकडं निघून गेले.

"आरं ए चंद्रभान!" येडबा ओरडला, "दर बारीला माज्याच रानात का रं?"

चंद्रभान बांधावर उभा राहून धापा टाकत होता. "या बारीला जित्ता धाडलाय की!" तो म्हणाला.

त्या दिवसापासून गहू खळ्यावर येईपर्यंत त्या घोंगडीला खांद्यावर टिकायला वेळच मिळाला नाही. बांधालगतची पट्टी गेली ती गेलीच. आतला गहू राहिला. दिनकरराव खळ्यावर आले, ओंजळीत दाणे घेऊन बराच वेळ बघत राहिले.

"रान हिरवं आहे," ते म्हणाले. "तुम्हीच कसा."

पुढच्या साली पेरणीला चंद्रभाननं पाभर बांधाच्या अगदी कडेपर्यंत नेली. तिथं काही उरणार नाही हे त्याला माहीत होतं. कडूबाई मागून ओटीतलं बी मुठीनं सोडत होती, आणि बांधाकडच्या त्या शेवटच्या ओळीला तिनं मूठ जरा सैल सोडली.